मष्णूची माणसं

मष्णूला जाऊन आठवडा उलटला होता, आणि तो परशराम मास्तरांच्या अंगात आहे याबद्दल भावकीत कुणालाच शंका उरली नव्हती. वाद एवढाच होता, की अंगात नेमका कुठं. भावकीतले वडीलधारे जोतिबा आप्पा म्हणत, मानगुटीवर. आळीतल्या बायका म्हणत, डोळ्यांत, कारण मास्तर हल्ली मष्णूसारखं तिरपं बघतात. परशराम मास्तर बेळगावात टिळकवाडीच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत. भूत नसतं हे ते दरवर्षी आठवीच्या पोरांना एक मेणबत्ती आणि एक आरसा घेऊन सिद्ध करून दाखवत. पण त्यांना कुणी नीट विचारलं असतं, तर बरोबर जागा एकट्या त्यांनाच ठाऊक होती. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या हाडांत होता. कमरेच्या, छातीच्या, मांडीच्या हाडांच्या पोकळीत, मगजात. आणि हे त्यांना कुठल्या देवऋष्यानं सांगितलेलं नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दिवसाढवळ्या, पंख्याखाली बसून.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांमागं मास्तरांच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. खडूची पेटी हाताला घासली तरी डाग, पोरानं वही अंगठ्यावर आपटली तरी डाग. सकाळी चूळ भरली की तांबडी. मग एक दिवस प्रार्थनेच्या वेळी ते शाळेच्या आवारात आडवे झाले. बेळगावातल्या डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली आणि मुंबईचा रस्ता दाखवला. तिथल्या विनोदिनी डॉक्टर माहेरच्या टिळकवाडीच्याच निघाल्या. गावचा माणूस म्हणून त्या मास्तरांशी घरगुती भाषेत बोलल्या.

त्यांनी सांगितलं, की हाडाच्या मगजात रक्ताचं बियाणं असतं. मूळपेशी म्हणतात त्यांना. तांबडं रक्त त्यातूनच, आणि रक्तातले पहारेकरीही त्यातूनच. रोगाला ओळखायचं, धरायचं, हाणायचं, हे त्या पहारेकऱ्यांचं काम. मास्तरांच्या पहारेकऱ्यांना काय दुर्बुद्धी झाली देव जाणे, पण त्यांनी आपल्याच बियाण्याला चोर समजून सगळं संपवलं होतं. आता दुसऱ्याचं बियाणं आणून पेरल्याशिवाय इलाज नव्हता. तेही कुणाचंही चालणार नव्हतं. सख्ख्या भावाबहिणीचं जुळलं तर जुळलं.

भाऊ होता एकच. मष्णू. त्याच्याआधीची दोन पोरं पाळण्यात गेली, म्हणून आईनं, तानीबाईनं, ह्याला जन्मल्यावर मसणातल्या राखेत लोळवून आणलं आणि नावही तसलंच ठेवलं. मरण दारात आलं तर त्याला वाटावं, हा आपलाच आहे, ह्याला काय न्यायचं. शाळा मष्णूनं तिसरीतच सोडली. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तो बोदं भरायचा, म्हणजे तंबाखूचे ते माणसाएवढे बोजे ट्रकवर चढवायचा. शेवटचं बोद चढलं, की वरच उभा राहून ड्रायव्हरला शीळ घालायचा. दोन लांब, एक आखूड. भरलं, चल.

त्याचं बियाणं मास्तरांशी असं जुळलं, की डॉक्टरीणबाई खुर्चीवरनं उठल्या. आधी औषधांनी मास्तरांचे उरलेसुरले पहारेकरी मारले, कारण जुने राहिले असते तर त्यांनी नव्या पाहुण्याला उंबऱ्यावरच कापलं असतं. मग मष्णूच्या कमरेच्या हाडातून सुयांनी मगज ओढला. तो पिशवीत भरून सलाईनसारखा मास्तरांच्या शिरेत सोडला. शेजारी खाटेवर पालथा पडलेला मष्णू मान वळवून बघत होता. हातात सोडलेलं ते हाडात कसं जाणार, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांना कुणी वाट दाखवावी लागत नाही, ती रक्तातनं हिंडतात आणि बरोबर हाडात जाऊन बसतात.

"म्हंजे आमच्या बैलागत," मष्णू म्हणाला. "गाडीवान झोपला तरी घरला येत्यात."

बैल आले खरे, पण घर दुसऱ्याचं होतं. काही आठवड्यांत मास्तरांचे तळहात तांबडेलाल झाले, तळपायांची साल निघाली, पोट बिघडलं, डोळे पिवळे पडले. विनोदिनीबाईंनी त्याचंही समजावलं. मष्णूच्या बियाण्यातून मष्णूचे पहारेकरी तयार झाले होते. ते गस्तीला निघाले आणि त्यांनी पाहिलं, इथलं काहीच ओळखीचं नाही. तेव्हा त्यांनी घरमालकालाच चोर ठरवून बडवायला सुरुवात केली. भाडेकरू आत आला आणि मालकाला म्हणाला, तू कोण.

"म्हणजे सीमाप्रश्न," मास्तर खाटेवरनं पुटपुटले.

"हो, पण हा सुटतो," बाई म्हणाल्या आणि गोळ्या वाढवल्या.

सुटला. त्या गोळ्यांनी पहारेकऱ्यांचे हात बांधून ठेवले, आणि बांधल्या हातांनी हिंडता हिंडता त्यांना घराची ओळख पटत गेली. मास्तर माणसांत आले. रक्त तपासलं तर गटच बदललेला. जन्मभर ओ असलेला माणूस बी झाला होता, मष्णूचा. निघताना बाईंनी बजावलं, की तुमचं स्वतःचं बियाणं आता एक दाणाही उरलेलं नाही. जे आहे ते भावाचं. ते जपा, ते गेलं तर आत रक्ताचा एक थेंब करणारं कुणी नाही.

गोळ्या सुटल्यावर मास्तर निपाणीजवळच्या आपल्या गावी आले. बायको अंजना बरोबर होती. शेजारणीनं कौतुकानं वाटीभर भाजी आणून दिली, त्यात शेंगदाण्याचं कूट होतं. मास्तरांनी दोन घास खाल्ले आणि त्यांचे ओठ पुरीसारखे फुगले. घशात कुणी मूठ आवळल्यासारखं झालं. अंगभर गांधी उठल्या. मास्तरांना शेंगा कधीच बाधल्या नव्हत्या, आवडतही नव्हत्या. शेंगा बाधायच्या त्या मष्णूला. लहानपणी शेंगांच्या काढणीत मूठभर दाणे खाऊन तो मरता मरता वाचला होता, आणि तेव्हापासून तानीबाईनं घरात कूट येऊ दिलं नव्हतं. आमटी बिनकुटाची, चटणी कारळाची. शेजारी नावं ठेवायचे, पण तिनं पोर राखलं.

त्या दिवशी मष्णू उंबऱ्यावर बसून पोट धरून हसला. म्हणाला, "अण्णा, माझी माणसं हाईत ती. त्यांस्नी दुश्मन कोण ते पाठ हाय."

बाईंनीही पत्राच्या उत्तरात तेच कळवलं, जरा सभ्य शब्दांत. पहारेकरी आठवणीसकट आले होते.

इथवर सगळं शास्त्रात बसत होतं. मग मष्णू मेला. पावसाळा सरताना तंबाखूचा ट्रक तवंदी घाटात कलंडला, आणि बोदांच्या वर बसलेला मष्णू ट्रकच्या आधी खाली पोचला. जन्मतःच मरणाला फसवलेला माणूस, त्याला मरणानं वळणावर गाठलं.

मास्तर मातीला आले ते दहाव्यापर्यंत राहिले. आणि गावात हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली. मष्णूचं कुत्रं मास्तरांना कधी दारात उभं करत नसे. टिळकवाडीचा साबण आणि धुतलेलं धोतर त्याला मानवत नसे. ते आता आलं, मास्तरांचा तळहात बराच वेळ हुंगला, आणि त्यांच्या वहाणांवर डोकं ठेवून झोपलं. मास्तर वखारीवरनं गेले तर आतल्या बायका तंबाखू निवडायची थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, चाल बघा. मास्तर भाकरी मष्णूसारखी डाव्या हातानं मोडायला लागले होते, असं आप्पांनी पाहिलं. मास्तरांनी ते नाकारलं, आणि नाकारताना त्यांच्या डाव्या हातात भाकरीचा तुकडा होता.

सगळ्यांत वाईट तानीबाईचं झालं. ती रडायची थांबली. मास्तरांपुढं ताट ठेवायची, कारळाची चटणी वाढायची, शेजारी बसून त्यांच्या छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "जेव रं मष्णू." पहिल्यांदा मास्तरांना वाटलं, दुःखात जीभ घसरली. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, आई, मी परशराम. तिनं मान हलवली, जसं परगावच्या माणसाला रस्ता विचारल्यावर तो चुकीचा सांगतो आणि आपण हो म्हणतो, तशी. मग त्यांनी सांगणं सोडलं. पण दुपारी परसात एकटे असले, की त्यांना आपल्या बरगड्यांच्या आत कुणीतरी बूड टेकून निवांत बसल्यासारखं वाटे. एकदा त्यांनी स्वतःला शीळ घालताना ऐकलं. दोन लांब, एक आखूड. मास्तरांना शीळ घालता येत नव्हती. आयुष्यात कधीच नाही.

दहावा वेदगंगेच्या काठी होता. काठाला लागूनच कुणाचं तरी शेंगांचं रान होतं, काढणी चालली होती. बाया ओळीनं बसून वेल उपटत होत्या. भटजींनी तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवून पिंड मांडला. त्याच्याभोवती भावकीनं मष्णूच्या आवडीचं सगळं ठेवलं. कारळाची चटणी, ज्वारीची भाकरी, तळलेला बांगडा, कपात चहा, आणि एक पेटवलेली विडी. बाभळीवर कावळे असे दाटीनं बसले होते, जसे पंगतीला पहिल्या ओळीचे मानकरी.

एक मोठा कावळा उतरला. पिंडाभोवती शाळातपासनीसासारखा मागं हात बांधल्यागत फिरला. भाकरी पाहिली, बांगडा पाहिला, विडीचा धूर चुकवला. मग मान तिरपी करून त्यानं मास्तरांकडं पाहिलं. बराच वेळ. आणि परत बाभळीवर जाऊन बसला.

मग बोली सुरू झाली. आप्पा हात जोडून म्हणाले, आईला आम्ही सांभाळू. कावळा हलेना. कुत्र्याला भाकरी घालू. नाही. त्या ड्रायव्हरवर राग धरणार नाही. नाही. भटजींनी चुळबुळ करत सुचवलं, की दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. आप्पांनी त्यांना हातानं थांबवलं.

"गवताचा कावळा कशाला? त्यो काय हरवलाय व्हय? ह्यो काय, हितं हुबा हाय."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडं वळल्या. कावळ्यांच्याही.

आप्पा तयारीनिशी आले होते. गर्दीतून रवळू देवऋषी पुढं झाला. हा माणूस राजदूत मोटारसायकलवरनं गावोगाव हिंडायचा, मागच्या सीटला लिंबाचा डहाळा, मिरच्यांची पुरचुंडी आणि एक घंटा बांधलेली असायची. स्वभावानं गरीब. त्यानं मास्तरांना नमस्कार केला आणि डॉक्टरनं विचारावं तसं विचारलं, तरास कुठं हुतोय.

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "हाडात."

रवळूनं समजल्यासारखी मान हलवली. हाडातलं काढायला वेळ लागतो, असं त्यानं सांगितलं. मिरचीचा धूर द्यावा लागतो, डहाळ्यानं जरा सोलावं लागतं, पण निघतंय. त्यानं आजवर एकाच्या मणक्यातनं काढलं होतं. "मुळासकट काढतो, मास्तर. काय सुदिक ऱ्हाणार न्हाय."

भूत नसतं, हे त्यांना पाठ होतं. मेणबत्ती, आरसा, सगळं. पण हाडात मष्णू आहे हेही खरं, आणि तो मुळासकट गेला तर आत एक थेंब करणारं कुणी नाही, हे बाईंचं वाक्य तर त्याहून खरं. मिरचीच्या धुरानं मूळपेशी निघत नाहीत, असं त्यांना शास्त्र सांगत होतं. पण डाव्या हातानं भाकरी मोडायलाही शास्त्रानं सांगितलं नव्हतं. कशानं काय निघतं याची खात्री त्या घटकेला त्यांना राहिली नव्हती. भावकीतले दोन पुतणे त्यांच्या कोपरांना धरून उभे राहिले. मास्तर म्हणून आदरानं, पण घट्ट.

"काढू नका," मास्तर म्हणाले. "तो राहू द्या. तो गेला तर मीही जाईन."

शास्त्राच्या मास्तरांनी कबूल केलं होतं. आप्पा म्हणाले, म्हणजे आत हाय, हे मान्य हाय तर. आणि तेवढ्यात तानीबाई पुढं आली, चेहरा उजळलेला. तिनं मास्तरांच्या छातीवर हात ठेवला.

"बघा, माझं लेकरू काय म्हणतंय. ऱ्हाऊ द्या त्येला."

तेव्हा मास्तरांना खरी भीती शिवली. भावकीला मष्णू बाहेर हवा होता. आईला मष्णू आत हवा होता. ह्या सगळ्या बोलण्यात परशराम कुणालाच नको होता. भाडेकरूला ठेवायचं की काढायचं याची पंचायत भरली होती, आणि मालक कधीच निघून गेल्यासारखा कोपऱ्यात उभा होता.

एकटी अंजना पाठीमागं पदर खोचून उभी होती, ती बोलली. "आप्पा, संध्याकाळच्या गाडीनं मला कुणाला तरी बेळगावला न्यायचंय. कुणाला ते एकदा ठरवा."

आप्पा ओशाळले, पण मागं हटले नाहीत. उन्हं कलायच्या आत कावळा शिवला तर मष्णू गेला, असं धरू. नाही शिवला, तर रवळू इथंच काठावर बसेल. रवळूनं तोवर मिरच्या मोकळ्या करायला घेतल्या.

ऊन वाकडं होत चाललं. कावळे बाभळीवर बसून राहिले, घाई फक्त माणसांना होती. वारा फिरला. शेजारच्या रानात काढणीच्या बायांनी पाला पेटवून त्यात ओल्या शेंगा टाकल्या होत्या, त्यांचा वास नदीवर आला. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी घसा खवखवला. दोन्ही एकदम. आपल्याला शेंगा आवडत नाहीत, असं त्यांनी मनात म्हटलं. मग लक्षात आलं, की गेलं वर्षभर ते बेळगावात भाजक्या शेंगांच्या गाड्याजवळून जाताना पाय हळू करत होते. खायचं नाही, हे ठरल्या दिवसापासून.

आणि त्यांना काढणीतला मष्णू दिसला. पोरगा असतानाचा, मग मोठा झालेला, दर साली तसाच. सगळे रानात बसून भाजक्या शेंगा खात आणि मष्णू सगळ्यांना शेंगा फोडून देई. आईच्या ओंजळीत, अण्णाच्या ओंजळीत, परक्याच्याही. स्वतः एकही नाही. शेवटी आपली मोकळी ओंजळ नाकाशी धरून वास घेई. डोळे लाल व्हायचे तरी घेई. म्हणायचा, वासानं पोट भरतंय बघ, अण्णा. सगळे हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. घरानं त्याच्यावर केलेली सगळी माया एकाच कामात खर्ची पडली होती, शेंगा त्याच्या तोंडापासून लांब ठेवायच्या. म्हणून आज त्याच्या आवडीचं मांडतानाही शेंग मांडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मास्तरांनी कोपरं सोडवून घेतली. पुतण्यांना वाटलं पळतात, पण ते रानात गेले. त्यांनी एक डहाळं मागून घेतलं, शेंगांनी लगडलेलं, मातीसकट. भटजींच्या चुलीत निखारे होते, त्यात त्यांनी शेंगा टाकल्या आणि काठीनं उलटसुलट केल्या. टरफलं तडतडली. मग ते उकिडवे बसले आणि एकेक शेंग फोडून दाणे पानावर ठेवायला लागले. बोटं काळी झाली. कपाळावरचा घाम त्याच बोटांनी पुसला.

तानीबाईच्या ध्यानात आलं तशी ती धावली. आवाज फाटला होता.

"इख घालतोस व्हय रं भावाला?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या तोंडून गावची बोली निघाली, कधी नव्हे ती.

"आई, सूज ज्या अंगाला यायची, ते अंग हितं ऱ्हायलंय. माझ्याजवळ. त्येला आता फकस्त जीभ हाय. खाऊ दे की."

तिच्या हातातला पदर सुटला. तिनं पोराला इतकी वर्षं ज्याच्यापासून राखलं, ते पानावर ढीग होऊन पडलं होतं, वाफा निघत होत्या. मग ती हळूच खाली बसली. चुलीतली एक शेंग तिनं ओढून घेतली, फोडली, आणि दोन दाणे आपल्या हातानं ढिगावर ठेवले.

मास्तरांनी पान पिंडाशी सरकवलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तू जा, मष्णू. पोटभर खा आणि जा. तुझी माणसं तेवढी हितंच ठेव, पहाऱ्याला. मी सांभाळतो त्यांस्नी."

बाभळ हलली. तो मोठा कावळा सरळ पानावर उतरला. ह्या वेळी तपासणी नाही, काही नाही. त्यानं एक दाणा उचलला, गिळला, दुसरा उचलला. मग चोचीनं पिंड फोडला. त्याच्यामागं सगळी बाभळ खाली आली.

भटजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. आप्पांनी डोळे पुसले. आणि अंजना किंचाळली, कारण कावळ्यानं दाणा गिळला आणि इकडं मास्तरांचे ओठ फुगायला लागले. आधी वरचा, मग खालचा. डोळे बारीक झाले, गळ्यावर गांधी चढल्या. मास्तरांनी तर दाणा तोंडातसुद्धा घातला नव्हता. मास्तर शास्त्राचे होते, त्यांना कारण ठाऊक होतं. शेंगांच्या भुकटीची बोटं तोंडावर फिरली होती, धूर नाकात गेला होता. पण कारण सांगायला ओठ हलत नव्हते. शिवाय त्यांना एवढा आनंद झाला होता, की सांगावंसंही वाटलं नाही. ओठ सुजले म्हणजे माणसं जागेवर होती. एकही पहारेकरी त्याच्या मागं गेला नव्हता. दुश्मनाला ओळखून बेट्यांनी बरोबर वेळेला हाणलं होतं.

तानीबाई त्या सुजलेल्या तोंडाकडं बघत राहिली. ही सूज तिनं सगळ्यांत आधी पाहिली होती ती दुसऱ्याच्या तोंडावर. तिनं कावळ्यांकडं पाहिलं, पान रिकामं झालं होतं. पुन्हा तोंडाकडं पाहिलं. मग तिनं मास्तरांच्या छातीवर हात ठेवला नाही. गालावर ठेवला.

"परशराम," ती म्हणाली. "तुला दवाखान्यात न्याया पायजे, बाबा." आणि कितीतरी दिवसांनी ती पुन्हा रडायला लागली, मोठ्यानं, मष्णूचं नाव घेऊन.

घसा आवळत चालला होता आणि निपाणी लांब होती. बैलगाडीनं जमणारं नव्हतं. नदीकाठी यंत्र एकच होतं. रवळू देवऋष्यानं मिरच्या, डहाळा आणि घंटा जमिनीवर टाकली, मास्तरांना राजदूतवर मागं बसवलं, स्वतःच्या उपरण्यानं आपल्या पाठीशी बांधून घेतलं आणि गाडी सोडली. ज्याला काढायला आला होता त्यालाच घेऊन तो इंजेक्शनकडं निघाला, आणि वाटेत खड्डा आला की मागं वळून विचारी, हाय न्हवं, मास्तर? हाय न्हवं? मास्तर त्याच्या पाठीवर डोकं आपटून होय म्हणत.

हमरस्त्याला लागले तेव्हा तंबाखूचा उग्र वास सुटला होता. एक ट्रक बोदं भरून समोरून आला, तवंदी घाटाच्या दिशेनं निघालेला. तो शेजारून गेला आणि शीळ ऐकू आली. दोन लांब, एक आखूड.

"शीळ नगा घालू, मास्तर," रवळू पुढं बघतच म्हणाला. "दम ऱ्हाऊ द्या घशात."

मागं मास्तरांचे ओठ भाकरीच्या काठाएवढे सुजले होते. त्यांना तोंड मिटता येत नव्हतं. त्यांनी रवळूच्या पाठीला गाल टेकवला आणि ऐकत राहिले. शीळ पुन्हा झाली, आता मागून, ट्रकच्या वरून. मग आणखी लांबून, घाटाकडून, झाडांच्या आडून. मग नाहीच.